साठीनंतरची लडाखवारी : वय नव्हे, चढण्याचा वेग मोजा



जून उजाडतो, हिमालयातल्या खिंडींवरचा बर्फ हटतो आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरातून मोटारसायकलस्वारांचे गट लडाखच्या वाटेला लागतात. हे गट आता केवळ तरुणांचे राहिलेले नाहीत. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हा पंचविशीत कामाला लागलेली पिढी आज पासष्टीच्या घरात आहे. आयुष्यभर दुचाकीच्या संगतीत वावरलेल्या या मंडळींच्या हाती आता वेळ आहे, गाठीला थोडा पैसा आहे आणि मनात राहून गेलेली एक इच्छा आहे. वडील म्हणतात, ‘आत्ता नाही तर कधी?’ मुलगा-सून म्हणतात, ‘या वयात कशाला?’ आणि मग दोन्ही पक्ष डॉक्टरांकडे येतात. प्रत्येकाला आपल्या बाजूचा निकाल हवा असतो.

या प्रश्नाचे उत्तर ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते कसे शोधावे, हे मात्र सांगता येते. आजचा लेख जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे, तितकाच घरी राहून त्यांची काळजी करणाऱ्यांसाठीही आहे.

सफरीचे स्वरूप

मार्गदर्शकासह निघणाऱ्या सफरीत साधारण दहा-पंधरा मोटारसायकली असतात. पुढे वाट माहीत असलेला स्वार, शेवटी कोणी मागे राहू नये म्हणून दुसरा, सोबत मेकॅनिक आणि सामान, सुटे भाग व प्राणवायूचा सिलिंडर वाहणारी एक गाडी. मनालीहून निघाले, की ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा, मग बारालाचा ला, सरचू, तंगलंग ला आणि लेह. लेहहून पुढे खारदुंग ला ओलांडून नुब्राचे खोरे, तिथून १९७१ च्या युद्धात भारतात आलेले तुर्तुक हे सीमेवरचे गाव. दुसऱ्या दिशेला तिबेटपर्यंत पसरलेले पँगाँग सरोवर, हानले आणि १९,०२४ फूट उंचीवरचा उमलिंग ला. वाटेत डांबर संपून खडी लागते, वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात आणि मोटारसायकल पाण्यातून काढावी लागते. मदतीला माणसे असतात, हे खरे. परंतु आपल्या फुप्फुसांचे आणि हृदयाचे काम आपल्यालाच करावे लागते.

पुष्कळ घरांत एक तडजोड सुचवली जाते : ‘बाबा, मोटारसायकल नको, तुम्ही मागच्या गाडीत बसा.’ पडण्याची भीती त्याने कमी होते, शरीराचे श्रमही वाचतात. परंतु गाडीत बसल्याने खिंडीची उंची कमी होत नाही. हवा दोघांनाही सारखीच विरळ मिळते.

विरळ हवेचे गणित

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडे वर. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहर मात्र सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेव्हा सह्याद्रीत कितीही भटकंती केलेली असली, तरी तिथल्या हवेचा सराव आपल्याला इथे मिळत नाही.

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू लेहमध्ये समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, तर खारदुंग लावर जवळपास निम्मा होतो. शरीर यावर उपाय योजते. श्वास खोल आणि जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडे रक्तातील क्षार बाहेर टाकून या जलद श्वासाला साथ देतात. म्हणूनच वर गेल्यावर लघवी जास्त होते. ही जुळवाजुळव व्हायला काही दिवस लागतात. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला किंवा व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्याला त्यात सवलत नाही.

ही जुळवाजुळव होण्याआधीच माणूस आणखी वर गेला, तर आजारी पडतो. पहिली पायरी डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, झोप न लागणे. ही लक्षणे बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत दिसतात आणि तिथेच थांबून विश्रांती घेतली तर एक-दोन दिवसांत ओसरतात. त्यापुढच्या दोन अवस्था जीवघेण्या आहेत. एकीत मेंदूला सूज येते : माणूस अडखळत चालतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. दुसरीत फुप्फुसांत पाणी होते : बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर दिसतात. हा प्रकार बऱ्याचदा वर पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री सुरू होतो, त्यामुळे ‘काल तर ठणठणीत होते’ या वाक्याला काहीच अर्थ नसतो.

या आजाराचे ज्ञान आपल्या देशाने मोठी किंमत देऊन मिळवले आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातले जवान घाईने सीमेवरच्या उंच ठाण्यांवर पोहोचवावे लागले आणि त्यांतले अनेक जण शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. आपले सैन्य आता जवानांना टप्प्याटप्प्याने वर नेते : पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, त्यावरच्या टप्प्यावर चार, आणि १५,००० फुटांच्या वर जाण्यापूर्वी आणखी चार. निवडलेल्या, कसलेल्या तरुणांना चौदा दिवस! आणि आपण मुंबईहून सकाळच्या विमानाने लेहला उतरतो, दुपारी बाजारात फिरतो आणि तिसऱ्या दिवशी खारदुंग लावर छायाचित्र काढतो. खरा धोका या घाईत आहे.

मग वयाचे काय?

आता ज्येष्ठांना दिलासा देणारी गोष्ट. केवळ वय वाढले म्हणून उंचीचा आजार अधिक होतो, असे आढळलेले नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५९ ते ८३ वर्षे वयाच्या ९७ स्त्री-पुरुषांना २,५०० मीटर उंचीवर काही दिवस पाहिले गेले. त्यांतील १६ टक्के लोकांना सौम्य त्रास झाला. तरुणांमधील प्रमाणापेक्षा ते किंचित कमीच होते. अर्थात २,५०० मीटर म्हणजे लडाख नव्हे. तरीही ‘साठी झाली, आता डोंगर बंद’ या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

वयाबरोबर येणारे आजार मात्र विचारात घ्यावेच लागतात.

रक्तदाब उंचीवर वाढतो. घरी औषधाने आटोक्यात असलेला दाब वर गेल्यावर चढू शकतो, म्हणून जाण्यापूर्वी काही आठवडे तो स्थिर असला पाहिजे आणि सोबत यंत्र हवे. हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी होऊन निदान सहा महिने लोटल्याशिवाय हा विचारही करू नये, आणि त्यानंतरही हृदयरोगतज्ज्ञांनी ताणचाचणी व इको पाहून संमती दिली तरच करावा. जुना दमा, धूम्रपानाने जीर्ण झालेली फुप्फुसे, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला असणे किंवा मोठा रक्तक्षय असेल, तर शरीराजवळ शिल्लक अशी राहिलेलीच नसते. अशांना मी स्पष्टपणे नको म्हणतो.

मधुमेहींसाठी तीन सूचना. इन्सुलिन एकदा गोठले की निकामी होते, ते सामानाच्या गाडीत न टाकता अंगालगतच्या खिशात ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकीचे आकडे दाखवू शकते, तेही उबेत ठेवावे. आणि साखर कमी झाल्यावर होणारा गोंधळ, घाम, थरथर यांची उंचीच्या आजाराशी गल्लत होते, म्हणून शंका येताच आधी साखर तपासावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मोटारसायकल चालवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. खडीवर गाडी घसरून डोक्याला मार बसला, तर शिरस्त्राण असूनही आत रक्तस्राव होऊ शकतो. हानले ते लेह हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. तिथे मेंदूचा सीटी स्कॅन ही काही तासांची नव्हे, तर कधी कधी हवामानाच्या मर्जीची गोष्ट असते. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींनीही हाच विचार करावा. सामानासह दोनशे किलोंच्या घरात जाणारी गाडी पायावर कलंडली, तर ती तरुण हाडांनाही झेपत नाही.

तयारी तीन महिने आधी

निघण्याच्या आठवड्यात प्रमाणपत्र मागायला येऊ नये. तीन महिने आधी यावे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, ईसीजी, आणि वय व इतिहास पाहून ताणचाचणी, इको, डोळ्यांची तपासणी एवढे करून घ्यावे. मोतीबिंदू पिकत आलेला असेल, तर बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रखर उन्हात वाट दिसत नाही.

शरीराची परीक्षा घरच्या रस्त्यावरही घेता येते. अजिंठ्याला जाऊन परत येणे म्हणजे साधारण दोनशे किलोमीटर. असे सलग दोन दिवस मोटारसायकल चालवावी. तिसऱ्या दिवशी पाठ, मनगटे आणि गुडघे काय म्हणतात ते ऐकावे. दौलताबादचा किल्ला न थांबता नव्हे, पण छातीत न दुखता आणि बोलता येईल इतक्या श्वासात चढता यायला हवा. ही परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे लडाखची पात्रता आली असे नव्हे, मात्र अनुत्तीर्ण झाली तर उत्तर मिळाले असे समजावे.

असेटाझोलामाईड, म्हणजे सर्वसामान्यपणे डायमॉक्स नावाने ठाऊक असलेली गोळी, शरीराची जुळवाजुळव लवकर व्हायला मदत करते. ती वर जाण्याच्या एक दिवस आधी सुरू करतात. परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधीच चालू असलेली लघवीची गोळी असेल, तर ती आपल्या मनाने घेऊ नये. आणि गोळी घेतली म्हणून वेगाने चढण्याचा परवाना मिळत नाही.

वाट आणि मुक्काम

दिवसा किती उंच गेलो, यापेक्षा रात्री कोणत्या उंचीवर झोपलो, याला अधिक महत्त्व आहे. सर्वसाधारण नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी.

हा नियम हाती धरला, की सहलीचा कार्यक्रम आपोआप वाचता येतो. श्रीनगरमार्गे गेल्यास रात्री सोनमर्ग आणि कारगिल येथे, म्हणजे २,७०० मीटरच्या आसपास काढता येतात. जोजी ला आणि फोटू ला या खिंडी दिवसा ओलांडून आपण पुन्हा खाली येतो. ज्येष्ठांसाठी ही वाट अधिक सौम्य. मनालीमार्गे जाताना काही कार्यक्रमांत सरचूला, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर मुक्काम असतो. आदल्या रात्री जिस्पाला ३,२०० मीटरवर झोपलेल्या माणसासाठी ही उडी फार मोठी आहे. विमानाने लेहला उतरल्यास पहिले दोन दिवस खरोखर विश्रांती घ्यावी. त्यानंतर आधी नुब्रा करावे, कारण तिथला मुक्काम लेहपेक्षा खाली आहे. पँगाँग आणि हानले नंतर. उमलिंग लाचा मोह ज्येष्ठांनी टाळलेलाच बरा.

दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास मंदावतात, त्या वर्ज्य. पाणी पुरेसे प्यावे. रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी तोडणारे प्रोस्टेटचे रुग्ण मी पाहतो. तसे करू नये.

लपवू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली पिढी दुखणे सांगत नाही. गटात पंचवीस-तिशीची मुले असतात. त्यांच्यात आपण अडसर ठरू नये, ‘सांगितले होते ना’ असे घरच्यांना म्हणायची संधी मिळू नये, म्हणून डोके दुखत असूनही माणूस ‘काही नाही, झोप झाली नाही’ म्हणतो आणि सकाळी गाडीवर बसतो. उंचीचा आजार अशा मौनावरच वाढतो. वर डोके दुखले आणि मळमळले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा.

तीन नियम तोंडपाठ असावेत. लक्षणे असताना आणखी वर जायचे नाही. थांबूनही लक्षणे वाढली, तर खाली उतरायचे. आणि चालताना तोल जात असेल किंवा बसून धाप लागत असेल, तर रात्र असली तरी शक्य त्या पहिल्या वाहनाने उतरायचे. सिलिंडरचा प्राणवायू वाटेतला आधार आहे, हातात धरायचा छोटा डबा तर काही मिनिटांतच संपतो. उतरणे हाच उपचार. शंका असेल तर माणसाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. जमले नाही, तर वाट पाहू नये. लेहच्या सोनम नोरबू स्मृती रुग्णालयातील डॉक्टरांना हा आजार रोजचा आहे. तिथे जाण्यात संकोच कसला?

घरी राहणाऱ्यांसाठी

कोरोनाच्या काळापासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि ९४ हा आकडा आपल्या मनात कोरला गेला. लेहमध्ये पहिल्या दिवशी निरोगी माणसाचाही आकडा ८५ ते ९० दिसू शकतो. बोटे गार असतील तर तो आणखी कमी, चुकीचाही येतो. तेव्हा फोनवर आकडा ऐकून घाबरू नये. ‘डोके दुखते का? जेवलात का? जिना चढून नव्हे, बसल्या जागी धाप लागते का?’ हे विचारावे. बोलणे तुटक, विसंगत वाटले तर थेट गटप्रमुखाशी बोलावे.

आपल्याकडील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते आणि सीमेकडच्या भागात तेही कित्येक तास मुके असते. म्हणून कोणत्या दिवशी फोन येणार नाही, हे आधीच लिहून घ्यावे. आयोजकाला विचारावे : प्राणवायूचा मोठा सिलिंडर किती, प्रथमोपचाराचे शिक्षण कोणाला आहे, एक जण आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण उतरेल आणि उरलेला गट कोण नेईल? या शेवटच्या प्रश्नाचे नीट उत्तर नसेल, तर दुसरा आयोजक शोधावा. विमा उंचीवरचा आजार आणि मोटारसायकल सफर या दोन्हींना लागू आहे का, हेही पाहावे.

काही घरांत चित्र उलटे असते. आजारी आई-वडिलांची शुश्रूषा करणारा मुलगा किंवा मुलगी पंधरा दिवस सफरीला जाऊ इच्छिते आणि मनात अपराधीपण असते. त्यांना मी जाण्याचाच सल्ला देतो. औषधांचा तक्ता भिंतीवर लावावा, एका नातलगावर आणि एका शेजाऱ्यावर जबाबदारी सोपवावी, डॉक्टरांचा क्रमांक दोघांजवळ द्यावा. दमलेल्या हातांनी केलेली सेवा रुग्णालाही जाणवत असते.

ज्यांना तपासणीनंतर नकार मिळेल, त्यांनी मन लहान करू नये. पावसाळ्यातला माळशेज, भंडारदरा, चिखलदरा ही सारी ठिकाणे अशा उंचीवर आहेत, की तिथे हा आजार होतच नाही. आणि ज्यांना होकार मिळेल, त्यांनी निघण्यापूर्वी घरच्यांसमोर एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत : ‘काही त्रास झाला तर त्याच दिवशी सांगेन. गटप्रमुखाने उतरायला सांगितले, तर वाद न घालता उतरेन.’ खाली सही करावी. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला मुला-सुनांनीही एक वाक्य लिहावे : ‘अर्ध्यातून परत आलात, तर कोणीही टोमणा मारणार नाही.’ या वाक्याखालीही सही तितकीच आवश्यक आहे.